सप्टेंबरात विचारलेला प्रश्न

"आजी, इथं सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कुठं जाता येतं हो?" तिसऱ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या मुलीनं जिन्यात विचारलं, आणि माझ्या हातातली बटाट्यांची पिशवी कलंडली. बटाटे पायरी पायरी उड्या मारत खाली गेले. तिचा पाच वर्षांचा मुलगा ओरडत त्यांच्या मागं धावला, धाकटी मुलगी आईच्या कडेवरून वाकून बघत हसायला लागली, आणि ती बिचारी "अगं बाई, माझ्यामुळं झालं का?" असं म्हणत राहिली. मी कठड्याला धरून उभी होते. तिच्यामुळं काहीच झालं नव्हतं. तिचं नाव रोमाना. नवऱ्याची बदली झाली म्हणून आठ दिवसांपूर्वी ती आमच्या स्कालिनात आली होती, सामानाची खोकी अजून तिच्या दारापुढं रचलेली होती, आणि मुलांना दोन खोल्यांत कोंडून ठेवून तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ते काळं मला ओळखीचं होतं. आणि तो प्रश्न तर अक्षरन् अक्षर माझा होता. ह्याच जिन्यात, ह्याच पायरीवर उभं राहून, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मी तो विचारला होता. आणि महिनाही हाच होता. सप्टेंबर.

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, हेच मला घाबरवायला पुरेसं होतं. 'काळ्या तळ्यापाशी जा, निळी खूण धरा, चुकायचं कारणच नाही.' मी कधीही कुणाला न म्हटलेलं वाक्य, पण इतकी वर्षं तोंडात ठेवलेलं, लहान मुलं गोळी गालात धरून ठेवतात तसं. मुलगा बटाटे घेऊन वर आला. त्यानं ते आपल्या सदऱ्याच्या ओच्यात गोळा केले होते आणि एकेक काढून माझ्या पिशवीत ठेवत होता. "हा फुटलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "हा वर ठेवा, आधी खायचा." मात्याश त्याचं नाव. मी त्याच्या आईला म्हटलं, "विचार करून सांगते. उद्या ये." ती म्हणाली, "खरंच? बरं होईल. कुणाला विचारलं तर सगळे म्हणतात, अहो, इथं चहूकडं जंगलच आहे, कुठंही जा." तळमजल्याचं दार किंचित उघडलं आणि परत लागलं. व्लास्ताबाई. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्या बाईचे कान जिन्यातच असतात.

कुठंही जा. मलाही सगळे हेच म्हणाले होते. माझ्या नवऱ्याला, बोहुशला, चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीवर काम मिळालं आणि आम्ही दक्षिणेतून इथं आलो, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, आमची यित्का पाच आणि ओता तीन. माझ्या गावी जंगल नव्हतंच. द्राक्षांचे मळे, जर्दाळूची झाडं, आणि टेकडीच्या पोटात खणलेली दारूची तळघरं, प्रत्येकाला रंगवलेलं दार. रविवारी मुलांना कुठं न्यायचं हा प्रश्नच तिकडं कुणाला पडत नसे. घरातून निघायचं, जे दार उघडं दिसेल तिथं आत शिरायचं. मोठ्यांना पेला, मुलांना द्राक्षाचा रस आणि चरबी लावलेला पाव. परक्या माणसानं वाट विचारली तर माझे काका हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर चालत जायचे, आणि परत यायला संध्याकाळ करायचे. लोक विचारणाऱ्याला खरं सांगतात, ही गोष्ट मी गाय दूध देते तितकी धरून चालले होते. स्कालिनात माणसं वाईट नव्हती. 'नमस्कार' म्हणायची, दार धरून उभी राहायची. पण त्यांच्या रविवारांना बाहेरून कडीच नव्हती. शनिवारी संध्याकाळी आमच्या सहा बिऱ्हाडांच्या इमारतीत तळलेल्या मांसाच्या कापांचा वास सुटायचा, सकाळी आठला पाच बिऱ्हाडांची दारं धाडधाड लागायची, पोरं पिशव्या घेऊन जिना उतरायची, आणि मग सगळी इमारत एकदम इतकी गप्प व्हायची की आमच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायचं. ओता खिडकीच्या चौकटीवर हनुवटी टेकून विचारायचा, "ते सगळे कुठं गेले?" मी म्हणायचे, "फिरायला." "फिरायला म्हणजे कुठं?"

म्हणून विचारलं. व्लास्ताबाईंनाच विचारलं, कारण इमारतीच्या किल्ल्या त्यांच्याकडं असत, जिना कुणी कधी पुसायचा तो कागद त्या लिहीत, आणि त्यांच्या मागं सगळ्या जणी चालत. उंच बाई, छत्तिशीची, केस वर बांधलेले. माझा प्रश्न ऐकून त्यांनी मागं वळून दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडं पाहिलं. किती वेळ? एक पापणी लवेल इतकाच. मग माझ्याकडं वळून इतकं गोड हसल्या की मला गावाकडची कुणी भेटल्यासारखं झालं. "अहो लिबुशेबाई, मग आमच्याबरोबरच या की! या रविवारी काळ्या तळ्यापाशी जमतोय आम्ही. निळी खूण धरा, चुकायचं कारणच नाही. दहाला सगळ्या तिथं असू. सॉसेजं तेवढी आणा, विस्तव आम्ही पेटवतो." मी वर जाऊन यित्काला उचलून गरगर फिरवली.

वाट दाखवायला झाडांवर रंगवलेल्या निळ्या खुणा, दोन पांढऱ्या पट्ट्यांमधली एक निळी पट्टी, मला आजही एकेक आठवतात. तिसरी खूण एका वठलेल्या झाडावर होती आणि तिचा पोपडा सुटला होता. बोहुशची पाळी होती, म्हणून मी एकटीच. ओता अर्ध्या वाटेपासून खांद्यावर. पिशवीत सहा जाड सॉसेजं, पाव, मोहरीची बाटली, लोणच्याच्या काकड्या. पावणेदहालाच पोचलो. तळं खरंच काळं होतं, काठाला शेवाळ, बसायला एक ओंडका. यित्कानं बोहुशचा चाकू मागितला. तिला मी इमारतीत एकंदर किती मुलं आहेत ते मोजून सांगितलं होतं, तिची आणि ओताची धरून अकरा. तिनं काठच्या झुडपांच्या अकरा काठ्या तोडल्या, प्रत्येकीचं टोक सोलून पांढरं केलं, आणि सॉसेज खोचायला तयार अशा ओंडक्यावर ओळीनं मांडल्या. सगळ्यांत सरळ काठी व्लास्ताबाईंच्या मुलीसाठी. दहा वाजले. अकरा वाजले. ओता दर थोड्या वेळानं उठून वाटेवर जाऊन बघून यायचा. "आले नाहीत," असं सांगायचा, जणू मला दिसत नव्हतं. मग बाराच्या सुमारास पलीकडच्या टेकडीमागून धूर वर आला. बारीक, सरळ, निळसर. वारा आमच्या बाजूचा होता. आधी चरबी जळल्याचा वास आला आणि मग मुलांचं गाणं. शब्द कळत नव्हते, पण गाणं बालवाडीतलं होतं आणि यित्का ओठ हलवून ते म्हणायला लागली. मी म्हटलं, "गप्प बस." का म्हटलं? तिनं काय केलं होतं? त्या दिवसातलं सगळं मी व्लास्ताबाईंच्या नावावर टाकलं आहे. हे दोन शब्द तेवढे माझ्याकडं राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच दार वाजवलं. "अहो, काय तरी बाई, आयत्या वेळी बेत फिरला! तुम्हांला कळवणार कसं? फार वाट पाहिलीत का हो?" शिवणकामवाली जिन्यात दोन पायऱ्या खाली उभी होती. तिनं रुमाल नाकाला लावला आणि तिचे खांदे हलले. व्लास्ताबाईंच्या नखांत माती होती, आणि हातात कागदाचा पुडा. "हे घ्या. मुलांना सूप करा." पुड्यात तीन अळंब्या होत्या, तपकिरी टोपीच्या, जाड देठाच्या. मी चिरायला घेतल्या तर देठ आतून किड्यांनी जाळीदार झालेला. फेकून द्यायला हव्या होत्या. पण महिनाअखेर होती आणि ओता टेबलाशी येऊन वाडगं वाजवत होता. मी किडका भाग काढला, बटाटे घातले, शहाजिरं, मरवा. मी स्वतः चाखलंही नाही. ओतानं पुन्हा मागून घेतलं. त्यानं वाडगं पुढं केलं तो क्षण. माणसाला आपला अपमान नेमका कधी झाला ते कळतं म्हणतात, तर माझा तेव्हा झाला. तळ्यापाशी झाला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलांना स्टेशनवर नेलं. मालगाडीचे डबे मोजायचे. त्याच्या पुढच्या रविवारी कब्रस्तानात, तिथं खारी होत्या. मग कारखान्यामागच्या फुटक्या भांड्यांच्या ढिगावर, जिथं उन्हात सगळं पांढरं लखलखायचं आणि मुलं कपांचे तुटलेले कान वेचायची. यित्काकडं बुटांच्या खोक्यात पन्नासेक कान होते, सोनेरी रेघेचे वेगळे. गावात नव्या आलेल्या बाईनं शोधलेल्या सहली अशा होत्या. मे महिन्यात व्लास्ताबाईंनी परत विचारलं, अगदी साधेपणानं, "उद्या आम्ही जातोय, येता का?" आणि मी म्हटलं, "आमचं दुसरीकडं ठरलंय." डबे मोजायचं ठरलं होतं. यित्का माझ्या स्कर्टला धरून उभी होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पुढं त्यांनी विचारणं सोडलं. यित्का अठराव्या वर्षी घर सोडून गेली, मग आणखी लांब, आता कोपनहेगनला असते, आणि तिचं हे लांब लांब जाणं त्या ओंडक्यावरून सुरू झालं असं मी मनाशी पक्कं करून ठेवलं. कुणी येत नाही तिथं आपली आई आपल्याला नेते, हे पोरीला पाचव्या वर्षी कळलं. मग ती आईकडं कशाला येईल?

खरा प्रकार काय होता तो मला पुष्कळ वर्षांनी कारखान्याच्या म्हाताऱ्या फाटकवाल्यानं सांगितला. तो पोट धरून हसला. "सप्टेंबरात विचारलंत? अळंब्यांच्या दिवसांत? अहो बाई, सप्टेंबरात इथं सख्खा भाऊ भावाला जंगलाची वाट सांगत नाही! जूनमध्ये विचारायचं होतं. जूनमध्ये तिनं तुम्हांला हाताला धरून नेलं असतं." पाच बिऱ्हाडांची ती जागा होती. वसंतात मुलांच्या खेळण्याची, शरदात अळंब्यांची. पाचही बिऱ्हाडं शपथ घेतल्यासारखी गप्प. सहावं बिऱ्हाड आमचं. म्हणजे त्या बाईच्या मनात माझ्याविषयी काही नव्हतंच. तिनं एक टोपली वाचवली होती, एवढंच. मी बरं वाटून घ्यायला हवं होतं. उलट त्या दिवसापासून राग बसला तो हाडांत. आपण कुणाच्या द्वेषाला तरी पात्र आहोत असं मी सहा वर्षं समजत होते.

ती जागा मी शोधून काढली. तीन शरद लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघायचे: व्लास्ताबाई शनिवारी पहाटे फुलांचा गुच्छ आणि झारी घेऊन कब्रस्तानाकडं निघायच्या. भक्तीण बाई, म्हणायचे सगळे. पण परत येताना टोपलीवर चौकटीचं फडकं असायचं, आणि मग आठवडाभर पोटमाळ्यावर वर्तमानपत्रांवर पसरलेल्या अळंब्यांच्या कापांचा वास जिन्यानं खाली उतरायचा. ओल्या मातीचा, जुन्या कातड्याचा, गोडसर. माझ्या दाराच्या फटीतून आत यायचा. मी फटीत पायपुसणं कोंबायचे. एका शनिवारी मी कब्रस्तानात आधीच जाऊन बसले. त्यांनी नवऱ्याच्या आईच्या कबरीवर फुलं ठेवली, झारी खांबाला टांगली आणि मागच्या फाटकानं निघून गेल्या. पिवळी खूण, पडलेलं बीचचं झाड, तिथं वाट सोडायची, स्प्रूसच्या दाट रोपांतून अंग चोरून जायचं. आणि पलीकडं चिनी मातीची जुनी खाण, कधीच सोडलेली, पांढरे उतार, तळाला गवत, बर्चची झाडं, मुलांच्या घोट्याइतका ओहोळ, एक सपाट खडक, आणि विस्तवाच्या दगडांचं काळं वर्तुळ. मी रोपांमागं उभी राहून रडले. अळंब्यांसाठी नव्हे. त्या पांढऱ्या उतारावरून घसरत खाली यायला माझ्या मुलांना किती आवडलं असतं! पण तेव्हा यित्का चौदा वर्षांची झाली होती आणि ओताला आईबरोबर रस्त्यानं चालायची लाज वाटत होती.

तोवर मीही कारखान्यात लागले होते, आणि गुरुवारी माझी दुपारची पाळी असे. गुरुवारी सकाळी मी जायला लागले. एकोणचाळीस वर्षं गुरुवार. चोरी करायला गेलेली मी हळूहळू नुसती बसायला लागले. खडक उन्हानं तापायचा. बोहुश गेला त्या शरदात मी तिथं एकही अळंबी न काढता चार तास बसले होते. ह्या गावात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. हे सगळं रोमानाच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी मला नीट दिसत होतं, असं नव्हतं की दिसत नव्हतं. बाकीची चार बिऱ्हाडं मेली किंवा गेली. उरलो आम्ही दोघी, एक तळमजल्यावर, एक दुसऱ्यावर, अठ्ठेचाळीस वर्षं एकमेकींशी अहो-जाहो करणाऱ्या. ती शनिवारची, मी गुरुवारची. तिचा मुलगा तिला भेटायला येत नाही, गुडघे गेलेत, टीव्ही बिघडलाय तो तिनं दुरुस्त केलेला नाही. शनिवारी मात्र काठी घेऊन, झारी घेऊन, ती अजून जाते. तिच्याकडून काढून घेण्याजोगी हीच एक गोष्ट तिच्याजवळ उरली होती. आणि ती काढून घ्यायला मला खोटं बोलायची गरज नव्हती. हे मला रात्रभरात कुठंतरी लख्ख कळलं, आणि मी अंथरुणात हसले. ती खोटं बोलली होती. मी खरं बोलेन.

रोमानाला मी सगळं सांगितलं. कागदावर काढून दिलं, बीचचं झाड, रोपं, उतार. ती म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणजे देवदूत आहात! मी आमच्या बालवाडीच्या आयांना कळवू का? फोनवर आमचा गट आहे, बत्तीस जणी. सगळ्याच बिचाऱ्या विचारत असतात, कुठं जायचं, कुठं जायचं." मी म्हटलं, "सगळ्यांना कळव. शनिवारी सकाळी. बादल्या घेऊन या म्हणावं, मुलांना अळंब्या वेचता येतील." बोलताना माझे हात इतके स्थिर होते की मला माझंच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "तुम्हीपण या ना." "येणार तर," मी म्हटलं.

शुक्रवारी यित्काचा फोन आला. मी तिला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. बदला घ्यायच्या आधी साक्ष काढावी तसं. "तुला तो काळ्या तळ्याचा रविवार आठवतो का?" पलीकडं ती हसली. "अकरा काठ्या! अगं आई, आठवतो म्हणजे काय! मी माझ्या पोरींना दर वेळी सांगते. आपण तिघांनीच सगळी सॉसेजं खाल्ली. कच्चीच, मोहरी लावून! आणि मग तू काठ्यांना पानं खोचून गलबतं केलीस. अकरा गलबतं. ओताचं पहिलं बुडालं म्हणून तू बूट काढून पाण्यात गेलीस, गुडघ्यापर्यंत. तुला पाण्यात गेलेलं मी तेवढ्याच वेळी पाहिलं. माझ्या लहानपणातला सगळ्यांत चांगला दिवस तो." मी म्हटलं, "ते लोक आले नाहीत." "कोण लोक?" यित्का म्हणाली.

गलबतं. मी केली असतील. मला पाणी आठवत नाही, पायांना थंडगार लागलं असेल ते आठवत नाही. मला धूर आठवतो. पोरीच्या वतीनं मी जो दावा इतकी वर्षं चालवत होते, त्यातून पोरगी हसत हसत बाहेर निघून गेली होती. मग उरलं कोण? मीच. ज्या बाईला कुणी बोलावलं नाही ती. मला वाटलं होतं, हे ऐकून राग उतरेल. तो उतरला नाही, फक्त माझ्या एकटीचा झाला आणि त्यामुळं पेलायला सोपा झाला. आता कुणाचा विचार करायचं कारण नव्हतं.

शनिवारी मी त्या सपाट खडकावर बसले होते. कधी शनिवारी आले नव्हते, त्यामुळं ऊन वेगळ्या बाजूनं आल्यासारखं वाटत होतं. आया बत्तीस नव्हत्या, पण पंधरा-सोळा तरी होत्या, आणि मुलं मोजता येत नव्हती कारण ती उभी राहत नव्हती. पांढऱ्या उतारावरून रांगेनं घसरत होती, ढुंगणं पिठासारखी पांढरी करून परत वर चढत होती. स्प्रूसची रोपं एका जागी मोडून बाळांच्या ढकलगाड्या आत आणल्या होत्या. बर्चच्या बुंध्याशी, जिथं दरवर्षी सगळ्यांत जाड अळंब्या येतात, तिथं एक बाई घोंगडी पसरून बाळाचा लंगोट बदलत होती. प्लॅस्टिकच्या बादल्यांत अळंब्या, तुटलेल्या, चिरडलेल्या, कोवळ्या आणि सडक्या एकत्र. मात्याशनं अळंबीची एक टोपी फेकून मारली, दुसऱ्यानं दुसरी, आणि मग लढाईच सुरू झाली. ती माझीही जागा होती. आणि तरी मी म्हणत होते, आणखी. आणखी.

पावणेदहाला ती आली. मोडलेल्या रोपांच्या मधोमध थांबली. काठी, टोपली, चौकटीचं फडकं. तिनं आधी मोडलेल्या फांद्यांकडं पाहिलं, मग मुलांकडं, मग उताराकडं. एक लहान मुलगी धावत जाऊन तिच्या पायावर आदळली आणि "चुकलं, आजी" असं म्हणून परत पळाली. मग तिला मी दिसले. तिला तो उतार उतरून माझ्यापर्यंत यायला फार वेळ लागला. मी उठले नाही.

"यांना कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं."

"सप्टेंबरात?"

"सप्टेंबरात," मी म्हटलं. हा एक शब्द म्हणायला मी अठ्ठेचाळीस वर्षं थांबले होते आणि तो अगदी छान आला.

ती खडकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. धाप लागली होती. मला वाटलं आता रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची माझी तयारी होती. ती म्हणाली, "तू पिळून काढतेस."

"काय?" तिनं मला तू म्हटलं होतं.

"अळंब्या. इथले सगळे देठ कापतात. तू पिळून काढतेस, तुमच्या दक्षिणेतल्यासारखी. मागं भोक राहतं. चाळीस वर्षं तुझी भोकं बघतेय मी. बर्चखालच्या तुझ्यासाठी ठेवायचे. गुरुवारी तू येतेस ते ठाऊक होतं."

म्हणजे माझी चोरीसुद्धा चोरी नव्हती. मी दर गुरुवारी जे मिळवून आणलं, फडक्याखाली लपवून जिना चढले, वाळवलं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी जवात घालून मुलांना वाढलं आणि मनात म्हटलं, बघ, तुझ्याच ताटातलं खातोय, ते सगळं तिनं ठेवलेलं होतं. कागदाचा पुडा. मुलांना सूप करा. एकोणचाळीस वर्षं ती दर आठवड्याला माझं दार वाजवत होती आणि मी दर आठवड्याला हात पुढं करत होते.

"मग सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तू कधी विचारलंस परत?"

मात्याश बादली घेऊन आमच्यापुढं आला. चेहऱ्यावर पांढरी माती, एका गालावर चिरडलेल्या अळंबीचा तुकडा. "आजी, बघा किती! तुम्हांला हव्यात?" मी बादली मांडीवर घेतली. वरच्या चांगल्या होत्या, घट्ट, कोवळ्या, कापल्यावर दुधासारख्या निघणाऱ्या. मी त्या बाजूला केल्या. तळाशी हात घातला. एकेक दाबून पाहिली. देठ पिचका लागेल ती काढायची, नाही ती परत ठेवायची. मला घाई नव्हती. ती बघत होती. तीन मिळाल्या. मी तिच्या टोपलीवरचं फडकं उचललं, त्या आत ठेवल्या, ओळीनं, आणि म्हटलं, "घ्या. सूप करा."

तिनं एक उचलली. अंगठ्यानं देठ मोडला. आतली जाळी दिसली, आणि जाळीत काहीतरी पांढरं हललं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला आठवलं की नाही, हे मी सांगू शकत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांत पाणी तर नेहमीच असतं. तिनं मोडलेले दोन्ही तुकडे परत ठेवले, फडकं नीट चारी कोपऱ्यांनी खोचलं, आणि काठीवर जोर देऊन उठली. मात्याशनं ओरडून विचारलं, "पुढच्या शनिवारी येणार ना आपण?" मी तिच्या पाठीकडं बघत मोठ्यानं म्हटलं, "दर शनिवारी." पाठ थांबली नाही.

संध्याकाळी मी दारातच होते. हातात पायपुसणं होतं, कशासाठी घेतलं होतं कुणास ठाऊक. वास हळूहळू जिन्यानं वर आला. वाळवणाचा नव्हे. बटाटे उकडल्याचा, मग शहाजिऱ्याचा, मग मरव्याचा. ती करत होती. किडका भाग काढून, बाकीचं चिरून, कुणी समोर वाडगं वाजवत नसताना ती ते सूप करत होती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ते कसं लागतं ते मला कधीच कळलं नव्हतं. वर रोमानाची पोरं आंघोळीवरून रडत होती. खाली भांड्यात डाव फिरल्याचा आवाज झाला, खुर्ची ओढल्याचा झाला. मी कठड्यावर वाकून श्वास धरून उभी राहिले. तिनं पुन्हा वाढून घेतलं की नाही, ते तेवढं वरून ऐकू आलं नाही.